मंदा वाकली की पट्टा हळू व्हायचा

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर पान उलटा आणि राशिभविष्य वाचा. माझं काही अडलेलं नाही.

मी विजेच्या मोटारी दुरुस्त करतो. वर्ध्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. भूत, हडळ, चकवा या मंडळींना मी आजवर हिंग लावूनही विचारलं नाही. ज्याला कामधंदा नसतो त्याला भूत दिसतं, असं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सुनावलेलं आहे.

आणि भूत म्हटलं की तुम्हाला अमावास्या लागते. पिंपळ लागतो. पांढरी साडी लागते.

इथं त्यातलं काही नाही.

१९८८ सालचा जानेवारी. भर दुपार. सिंदी रेल्वे या गावातली एक जिनिंग फॅक्टरी. बाया-माणसांनी गजबजलेली, ऊन नुसतं ओसंडत होतं.

त्या दुपारनंतर मी त्या फॅक्टरीत पाऊल ठेवलेलं नाही.

माझी धाकटी बहीण मंदा सिंदीला दिलेली. नवरा बंडू. बंडूजी म्हणावं लागे, जावई ना तो आमचा! 'जी' राहून गेला तर गडी भरल्या ताटावरून उठायचा. त्याच फॅक्टरीत हमाली करायचा आणि कमाई गावठी दारूत घालायचा. पिऊन आला की बायकोवर हात टाकायचा. नुसता हात नाही, हाताला जे येईल ते. एकदा वरवंटा आला. मंदाच्या उजव्या हाताची दोन बोटं ठेचली गेली. ती पुन्हा कधी नीट झाली नाहीत. वाकली की चटकन सरळ होत नाहीत.

शेवटी दारूनंच गेला. कावीळ झाली, पोट फुगलं, संपला. मी तेराव्याला पोटभर जेवलो. खोटं कशाला बोलू?

मी मंदाला म्हटलं, वर्ध्याला चल. ती म्हणाली, "नाई दादा. वहिनीच्या भाकरीवर नाई राह्यत मी." आणि नवऱ्याच्याच फॅक्टरीत कामाला लागली.

काम कोणतं मिळालं? ज्याला कोणीही हात लावायला तयार नव्हतं ते.

जिनिंगमध्ये रेचे असतात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं. त्यांच्या ओळीसमोरून एक लांब रबरी पट्टा कापूस वाहून नेतो. पट्ट्याच्या टोकाला लोखंडी रोलर. त्या रोलरवर कापूस गुंडाळत जातो. तो मधून मधून ओढून काढावा लागतो, नाहीतर पट्टा एका बाजूला सरकतो आणि फाटतो.

शहाण्या माणसानं काय करावं? पट्टा बंद करावा, कापूस काढावा, पट्टा चालू करावा.

पण पट्टा थांबला की रेचे उपाशी, आणि रेचे उपाशी राहिले की शेठजींच्या पोटात कळ येते. म्हणून तिथली रीतच अशी होती की पट्टा थांबवायचा नाही. फक्त हळू करायचा. बाई रोलरपाशी वाकली की ओरडायची, "हळू!" भिंतीशी तानबा नावाचा ऑपरेटर बसलेला असे. तो डब्याचा खटका फिरवायचा. पट्टा मुंगीच्या चालीनं सरकायचा, बाई चालत्या रोलरवरून कापूस ओढून काढायची, आणि हात बाहेर आला की पट्टा पुन्हा सुसाट.

हा डबा म्हणजे मोटारीचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. परदेशी माल. सिंदीत सगळे त्याला स्पीडचा डबाच म्हणत. मंदाचा हात शाबूत होता तो त्या डब्याच्या जिवावर.

आणि त्या डब्याची शेठजींनी पूजा मांडली होती!

खरंच सांगतो. रोज सकाळी हळद-कुंकू. हवा आत जायची जी जाळी, तीत उदबत्त्या खोचलेल्या. खंडेनवमीला त्याच्यावरच नारळ फोडलेला. वरून दिवसभर उडणारी रुई. मी दिवाळीत बजावून आलो होतो, "शेठजी, याले पूजा नाई लागत, हवा लागते." शेठजी हात जोडून हसले, "अरे मधुकरराव, आप तो नास्तिक ठहरे."

जानेवारीत डबा जळला. देवाच्या कृपेनंच म्हणायचं.

सिंदीहून एक जण निरोप घेऊन आला. "शेठजीनं नवा डबा बसवून द्याले सांगतलं."

मी विचारलं, "म्हणजे पट्टा बंद आहे ना?"

"बंद काऊन ठेवतीन जी? सीझन आहे. डायरेक्ट चालू केला."

डायरेक्ट! डबा काढून मोटार सरळ लाइनीला जोडली की तिला एकच स्पीड ठाऊक. पूर्ण. आणि त्या पूर्ण स्पीडच्या रोलरवर हात कोणाचा? माझ्या बहिणीचा. न सुटणाऱ्या बोटांचा.

मी जेवणावरून उठलो. गाडी पकडून नागपूरला गेलो, रात्र तिथंच काढली, दुकान उघडताच तसाच डबा मिळवला आणि दुपारी सिंदीला उतरलो. वाटभर शेठजींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

फॅक्टरीच्या फाटकातूनच पट्ट्याचा आवाज येत होता. जोरकस, सलग. हा पूर्ण स्पीडचा आवाज मी झोपेतही ओळखेन. माझे पाय आपोआप भरभर पडायला लागले.

मी दारापाशी पोचलो...

आणि आवाज खाली गेला.

कुणी "हळू!" म्हणालं नव्हतं. तरी आवाज उतरत उतरत जवळपास नाहीसा झाला. आत मंदा रोलरपाशी वाकलेली. पट्टा मुंगीच्या चालीनं सरकत होता. तिनं सावकाश कापूस ओढून काढला, हात बाहेर घेतला, कमरेचा पदर नीट खोचला.

पट्टा पुन्हा सुसाट.

चला, मला वाटलं, डबा काही मेला नाही. जीव भांड्यात पडला. मी भिंतीकडे पाहिलं.

भिंतीवर डबा नव्हता.

तो खाली पोत्यावर पडला होता. जळका, कुंकवानं माखलेला. तारा सरळ स्टार्टरला जोडलेल्या. आणि तानबा बाजूला स्टुलावर बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता.

"तानबा, पट्टा हळू कोनं केला?"

"कोनं नाई जी."

"आत्ता झाला ना हळू?"

"हाव. ते वाकली का होते." त्यानं खर्रा तोंडात टाकला. "सीझन लागल्यापासून होऊन राह्यलं. इतर बायांसाठी मले खटका फिरवा लागे. मंदाबाईसाठी मी हातबी नव्हतो लावत. मले वाटलं डब्यातच तशी सोय असन."

डब्यात सोय! डब्याला काय बाया ओळखू येतात?

"अन् आता डबा कुठं आहे?" मी ओरडलो.

तानबानं पोत्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. या माणसाला दोन दिवसांत हा प्रश्न पडलाच नव्हता.

तेवढ्यात मला वास आला. गावठी दारूचा, आंबूस. जिनिंगमध्ये आगीच्या भीतीनं बिडीसुद्धा चालत नाही, आणि हा लेकाचा पिऊन बसतो? मी त्याला झापलं. तो गयावया करायला लागला, "आईची आन जी, मी जल्मात शिवलो नाई."

मी ते सोडून दिलं. मोटार आधी.

लाइनीचा जोर कमी होत असेल? पण रेचेही त्याच लाइनीवर होते, आणि त्यांची खडखड तसूभर बदलली नव्हती. मोटारीचा पट्टा पुलीवर घसरत असेल? मी मोटारीच्या मागच्या जाळीपाशी बसलो. तिथून मोटारीचा पंखा दिसतो. आणि मंदाला हाक मारली, "वाक जरा."

ती वाकली.

पंख्याची पाती मला एकेक करून दिसायला लागली. मोटारच हळू झाली होती.

मी टाँग टेस्टर काढला. तारेला चिमट्यासारखा धरून करंट पाहायचा मीटर असतो तो. सरळ लाइनीवरची मोटार कुणी जबरदस्तीनं रोखली तर ती घुं-घुं करते, तापते, करंट दुप्पट-तिप्पट होतो आणि स्टार्टर पडून मोटार बंद होते. हा नियम आहे. हा शेठजींच्या बापालाही लागू आहे.

मोटार घुं-घुं करत नव्हती.

ती काहीच आवाज करत नव्हती.

मीटर म्हणत होता, मोटार पूर्ण स्पीडनं मजेत चालली आहे.

मी मंदाच्या जोडीच्या कुसुमबाईला रोलरपाशी जायला सांगितलं. कुसुमबाई गेली, वाकली, हात पुढे केला. पट्टा तसाच सुसाट. तिनं झटकन हात मागे घेतला आणि मला म्हणाली, "मुडदा बसवला तुहा! माह्या हातावर उठला का?"

मग मी स्वतः वाकलो. काही नाही. वारा तेवढा तोंडावर आला.

एवढ्यात शेठजी आले. काय चाललंय ते तानबानं सांगितलं. मला वाटलं, घाबरतील. निदान हात तरी जोडतील, डब्याला जोडत होते तसे.

शेठजी खूष झाले.

"अपने आप हळू होते? मग नवा डबा कायले पाहिजे? वापस करून टाका, मधुकरराव."

या माणसाला देवाचा धाक नाही आणि भुताचाही नाही. त्याला फक्त सीझनचा धाक. मी म्हटलं, "शेठजी, डबा बसला नाई तर मी बहिणीचा हात धरून निंगतो. मंग रोलर तुम्ही साफ करजा." शेठजींनी रोलरकडे एकदा पाहिलं आणि ऑफिसात निघून गेले.

मी मेन बंद केला. तिथल्या लोकांचा भरवसा नाही, कोणीही येऊन खटका दाबेल, म्हणून फ्यूज काढून खिशात ठेवले. भिंतीवरची रुई खरवडून काढली. नवा डबा उंचावर बसवला, तारा नीट ओळखून जोडल्या, स्क्रू आवळले. हे करताना माझं डोकं ताळ्यावर आलं. कुठला तरी सैल जोड असणार. हात चालू असला की भुतं पळतात.

फ्यूज घातले. पट्टा सुरू केला.

डब्याच्या तोंडावर काट्याचा मीटर होता. मोटारीला किती स्पीड दिला जातोय ते तो दाखवायचा. तानबानं खटका फिरवला, काटा खाली, पट्टा हळू. खटका वर, काटा वर, पट्टा सुसाट. तीन-चारदा केलं. चोख! मी तानबाला म्हटलं, "पाह्य. याले काम म्हणतात. आता खटका पूर्ण ठेव अन् हात काढ."

त्यानं हात काढला.

"मंदे, वाक."

मंदा रोलरपाशी वाकली.

काटा पूर्णवर होता. थरथरलाही नाही.

पट्टा मुंगीच्या चालीनं सरकायला लागला...

आणि तोच वास. या वेळी माझ्या अगदी शेजारी.

रेचे खडखडत होते, बाया बोलत होत्या. आणि मोटारीच्या बाजूनं आवाजच नव्हता, तिथं जणू काही ठेवलेलंच नाही. मी चाळीशीचा माणूस. मला तेव्हा आईची आठवण आली. हसायचं असेल तर हसा.

मंदानं मान वर केली. तिनं तानबाकडे पाहिलं. तानबाचे दोन्ही हात मांडीवर होते.

"तानबाभाऊ, तुम्ही नाई करून राह्यले?"

तानबानं मान हलवली.

"कधीच नाई?"

"कधीच नाई, बाई."

तेव्हा मला कळलं. तिला काहीच माहीत नव्हतं. डबा जळला काय, काढला काय, भिंतीवरच्या खोक्याकडे कोण बघतं? ती समजत होती, तानबा भला माणूस आहे, आपली बोटं पाहून न सांगता पट्टा हळू करतो.

"मले वास येत होता," मंदा हळूच म्हणाली. "मी म्हटलं, तानबाभाऊ पेतात."

कुसुमबाई दोन पावलं मागे सरकली. तिनं बंडूला पाहिलेलं होतं. तिथल्या सगळ्यांनीच पाहिलेलं होतं. नाव कोणी घेतलं नाही.

मला वाटलं, मंदा आता किंचाळेल. पडेल.

ती पडली नाही. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला. अशी मी तिला कधी पाहिली नव्हती. तो मारायचा तेव्हाही नाही. तेव्हा ती नुसती मान खाली घालून बसायची.

आता तिची मान ताठ होती. आणि उजवा हात रोलरवरच्या कापसात होता.

"आता काळजी आली?" ती म्हणाली. मोटारीकडे नाही, माझ्याकडे नाही. रोलरच्या पलीकडच्या मोकळ्या जागेकडे बघून. "मेल्यावर? हे बोटं ठेचून राह्यला होता तवा मी म्हटलं होतं, थांब. पाया पडली होती. तवा थांबला?"

पट्टा आणखी हळू झाला.

मग थांबला. जागच्या जागी.

काटा पूर्णवर.

"मंदे, मागं हो!" मी ओरडलो.

"दारूड्या!" ती म्हणाली. "माह्या हाताची राखण तू करतं? तू? मले नाई पाहिजे तुही दया. तुटन तर तुटन माहा हात. सोड ते मशीन!"

काही झालं नाही. एक श्वास. दुसरा.

"सोड म्हटलं ना!"

पट्टा सुटला.

मोटारीचा आवाज एकदम फुटला आणि रोलर गरकन फिरला. मंदाचा हात आत होता. मी धावलो, पाय तारेत अडकला, मी पडलो. पडता पडता फक्त दिसलं की तानबानं झडप घालून खटका खाली ओढला. पण पट्टा थांबायला वेळ लागतोच.

मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा मंदा रोलरपासून हातभर मागे उभी होती. मुठीत कापूस. पदराची एक पट्टी रोलरवर गुंडाळून गेली होती. तिनं मूठ उघडली. दोन बोटं उघडायला वेळ लागला, नेहमीसारखाच. सगळी जागेवर होती.

"मी आपला आपण काढला, दादा," ती म्हणाली. "पाह्यलं ना? आपला आपण."

आणि मग ती तिथंच कापसाच्या ढिगावर बसून रडली. मी आजवर तिला इतकं मोठ्यानं रडताना ऐकलं नव्हतं. कुसुमबाईनं तिला पोटाशी धरलं. शेठजी ऑफिसातून बाहेर आले, पट्टा का थांबला म्हणून विचारायला. मी त्यांना जे बोललो ते छापण्यासारखं नाही.

त्या दिवसापासून पट्टा मंदासाठी कधी आपोआप हळू झाला नाही. ती सगळ्यांसारखी ओरडते, "हळू!" आणि तानबा खटका फिरवतो. आता तो खर्रा घोटत नाही, खटक्यावर हात ठेवूनच बसतो. डबा ठणठणीत आहे, असं तोच सांगतो. मी तिकडे जात नाही, माणूस पाठवतो.

माझ्यासारखे शहाणे म्हणतील, मोटारीत दोष असेल. असेल. ती मोटार मी सीझन संपल्यावर माणूस पाठवून वर्ध्याला आणवली आणि पूर्ण उघडली. दोष सापडला नाही. ज्याला सापडेल त्यानं मला दाखवावा, मी दुकान बंद करतो.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

गेल्या उन्हाळ्यात मी मंदाकडे सिंदीला गेलो होतो. तिच्या खोलीचं दार उघडंच होतं. दुपारची वेळ, बाहेर ऊन रखरखतं. तिनं स्वयंपाक केला. आम्ही बोलत बसलो, टेबलफॅन सुरू होता. मीच दिलेला, मीच दुरुस्त केलेला. पंख्याची जाळी तुटलेली होती. मंदा बोलता बोलता त्याच्या पलीकडचा तांब्या घ्यायला वाकली...

पंखा हळू झाला.

पाती एकेक करून दिसायला लागली. शेजारच्याच खोलीत राहणाऱ्या कुसुमबाईचा पंखा घरघरत होता, तसाच.

मंदानं वरही पाहिलं नाही. मांजराला हाकलावं तशा सुरात म्हणाली, "हो बाजूले."

पंखा पुन्हा भरभर फिरायला लागला. तिनं माझ्या पेल्यात पाणी ओतलं.

मी विचारलं, "हे... रोजचं आहे?"

"रोज नाई. कधी मधी." तिनं तांब्या खाली ठेवला. "आता घाबरत नाई मी, दादा. सांगतलं का तो आयकते. भाईर जाते, अन् दाराशी बसून रायते."

मग म्हणाली, "तुमची गाडी चुकन. निंगा आता."

मी दाराकडे पाहिलं. बाहेर नुसतं ऊन होतं.

माझ्या चपला तिथंच काढलेल्या होत्या.